कोल्हापुरात घरी केलेली सफरचंदाची सायडर (रस आंबवून केलेली दारू) व्हिनेगरसारखी आंबट का होते?

हवा लागते म्हणून. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, पण बरणीत हवा शिरली की अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया त्याच अल्कोहोलचं व्हिनेगर करतात, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर लई झटपट. एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न घेणारं झाकण) लावा, सुरुवातीचा फेस बसला की बरणी गळ्यापर्यंत भरा, आणि टेम्परेचर १५ ते २० डिग्री पाहिजे, म्हणजे थंडीतच घाला बघा. पॅकेटचा ज्यूस घेणार असाल तर मागचं लेबल वाचा, पोटॅशियम सॉर्बेट (ज्यूस टिकवायला घालतात ते) असेल तर यीस्ट नीट चालतच नाही. सफरचंदं थोडी आंबट-कडक मिसळा, नुसत्या गोड डिलिशियस जातीच्या सफरचंदांची सायडर मिळमिळीत लागते. बुडबुडे चालू असताना बाटली सील करू नका, काच फुटते. आणि हो, महाराष्ट्रात दारू करायला लायसन्स लागतं, घरी असली तरी, ते आधी बघा.