घर कोणाच्या नावावर? दक्षिण आफ्रिकेतील आजच्या साहित्याविषयी दोन प्रश्न

प्रश्न : नादीन गॉर्डिमर यांच्या वर्णभेदाच्या काळातील कथा मी महाविद्यालयात वाचल्या होत्या. १९९४ साली ती राजवट संपली. ज्या अन्यायाविरुद्ध तेथील लेखक लिहीत होते तोच गेल्यावर त्यांच्यापाशी लिहिण्यासारखे काय उरले? आज त्यांचे साहित्य वाचायचे तर कोठून सुरुवात करावी? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : हा प्रश्न तेथील लेखकांना १९९४ च्या आधीपासूनच पडलेला होता. कथाकार आणि समीक्षक न्जाबुलो न्देबेले यांनी १९८० च्या दशकातच असा आक्षेप घेतला होता की, क्रूर गोरा मालक, पिचलेला काळा मजूर आणि पोलिसांची दडपशाही यांचे ठळक देखावे उभे करण्यात कृष्णवर्णीयांचे साहित्य इतके गुंतले आहे की त्या माणसांचे रोजचे जगणे, त्यांची आपापसातली नाती आणि त्यांचा स्वतःचा विचार त्यातून निसटत चालला आहे. दलित साहित्यावरील चर्चा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा वाद परका वाटणार नाही.

दुसरे असे की, अन्याय गेला हे अर्धेच खरे आहे. मताचा हक्क मिळाला, पण जमीन आणि घरे बहुतांशी होती त्यांच्याच नावावर राहिली. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशातील जेमतेम सात टक्के जमीन राखून ठेवली आणि बाकीच्या भागात त्यांना जमीन विकत घेण्यास मनाई केली. १९३६ मध्ये हे प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांवर नेण्याचे ठरले. कृष्णवर्णीय पत्रकार सॉल प्लाइकी यांनी १९१३ चा कायदा लागू झाल्यावर सायकलवरून हिंडून उघड्यावर पडलेली कुटुंबे पाहिली. अशाच एका कुटुंबाचे तान्हे मूल वाटेत दगावले, तेव्हा त्याला पुरण्यापुरतीही हक्काची जमीन नसल्याने आईबापांना रात्री लपूनछपून मूठमाती द्यावी लागली. १९१६ च्या आपल्या पुस्तकात प्लाइकी म्हणतात की, २० जून १९१३ च्या सकाळी येथील मूळ रहिवासी जागा झाला तो गुलाम म्हणून नव्हे, तर आपल्याच जन्मभूमीत ‘परिया’ म्हणून. हा शब्द तमिळ प्रदेशातील ‘परैयर’ या अस्पृश्य मानलेल्या जातीच्या नावावरून इंग्रजीत गेला आहे. आपल्या देशबांधवांची अवस्था सांगताना प्लाइकींना आपल्याकडच्या जातिव्यवस्थेतून गेलेलाच शब्द वापरावा लागला, हे वाचून मी बराच वेळ पुढे जाऊ शकलो नव्हतो.

म्हणून सुरुवातीसाठी मी डेमन गाल्गट यांची ‘द प्रॉमिस’ ही कादंबरी सुचवीन. तिला २०२१ चे बुकर पारितोषिक मिळाले. प्रिटोरियाजवळ शेतवाडी असलेल्या एका गोऱ्या कुटुंबातील आई मरताना नवऱ्याकडून वचन घेते की, आपली शुश्रूषा करणाऱ्या सालोमे या कृष्णवर्णीय मोलकरणीला ती राहते ते लहानसे घर देऊन टाकायचे. हे वचन धाकटी मुलगी आमोर ऐकते. बाकीच्यांना ते सोयीस्करपणे आठवत नाही. कथा सुरू होते त्या १९८६ साली तर कायद्यानेच सालोमेच्या नावावर घर होऊ शकत नव्हते. पुढे कायदा बदलतो, राष्ट्राध्यक्ष बदलतात, तीन दशकांत घरात चार मृत्यू होतात आणि प्रत्येक वेळी त्या घराचा विषय पुढे ढकलला जातो. अखेर आमोर वचन पाळते, तेव्हा सालोमेचा मुलगा कृतज्ञता दाखवीत नाही. पडक्या भिंतींचे घर तीस वर्षांनी मिळाले, याचा संताप तो बोलून दाखवतो. शिवाय त्या जमिनीवर आता जुन्या विस्थापितांनी दावा लावलेला असतो.

निवेदन एकाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात, कधी एकाच वाक्यात, शिरते. मात्र सालोमेच्या मनात ते फारसे थांबत नाही. काही समीक्षकांनी हा दोष मानला. मला तो दोष वाटत नाही, कारण त्या घरातील माणसांनी तिच्या मनाची कधी चौकशीच केली नाही आणि वाचकालाही ती उणीव सोसावी लागते. तरीही सालोमेची बाजू सालोमेनेच लिहिलेली वाचायला मिळावी, ही मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते.

जे. एम. कुट्सी यांची ‘डिसग्रेस’ (१९९९) त्यानंतर वाचावी. शेतावर राबणारा माणूस हळूहळू जमिनीचा मालक होतो तेव्हा गोऱ्यांच्या मनात काय उठते, हे तिच्यात निष्ठुरपणे येते. पण तेवढ्यावर थांबल्यास सारे चित्र गोऱ्यांच्या ओसरीवरूनच पाहिल्यासारखे होईल. ते टाळण्यासाठी फास्वाने म्पे यांची ‘वेलकम टू अवर हिलब्रो’ (२००१) ही छोटी कादंबरी अवश्य मिळवावी. जोहान्सबर्गच्या गजबजलेल्या हिलब्रो वस्तीतील ही कथा एका मृत तरुणाला ‘तू’ म्हणून सांगितलेली आहे. एड्सविषयीची कुजबुज आणि इतर आफ्रिकी देशांतून आलेल्यांचा द्वेष हे तिचे विषय आहेत. मे २००८ मध्ये अशाच द्वेषातून उसळलेल्या हिंसाचारात साठांहून अधिक माणसे मारली गेली. म्पे ते पाहायला नव्हते. २००४ मध्ये ऐन चौतिशीत त्यांचे निधन झाले होते.

प्रश्न : तेथे इतक्या भाषा असताना आपल्यापर्यंत केवळ इंग्रजी पुस्तकेच का येतात? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तेथे २०२३ मध्ये सांकेतिक भाषेचा समावेश झाल्यापासून बारा अधिकृत भाषा आहेत. २०२२ च्या जनगणनेनुसार घरात झुलू बोलणारे सुमारे चोवीस टक्के, तर इंग्रजी बोलणारे नऊ टक्क्यांच्या आसपास आहेत. पण वर्णभेदाच्या काळात आफ्रिकी भाषांतील प्रकाशन मुख्यतः शालेय पुस्तकांच्या मागणीवर जगत असे आणि शाळेत लावता येईल तेवढेच छापले जाई. प्रौढ वाचकांसाठी बाजार उभाच राहिला नाही. प्लाइकींनी शेक्सपिअर सेत्स्वाना भाषेत आणला होता, हे लक्षात घेतले म्हणजे खंडित झालेली परंपरा किती जुनी होती ते कळते. आज पुस्तकांवर पंधरा टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत तेथील चौथीतील ८१ टक्के मुलांना वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावता आला नाही.

डच वसाहतवाल्यांच्या बोलीतून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेबद्दल मात्र घाईने मत बनवू नये. शाळांतील तिच्या सक्तीविरुद्ध १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गलगतच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील शाळकरी मुले रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली, हे खरेच. पण ती मातृभाषा असलेल्यांत गोरे अल्पसंख्य आहेत, आणि केप टाउन परिसरातील मुस्लिमांनी ती एकोणिसाव्या शतकात अरबी लिपीत लिहिली होती.

वाचक कोण, हा वाद अजून चालू आहे. कादंबरीकार थांडो म्गोलोझाना यांनी २०१५ मध्ये जाहीर केले की, गोऱ्या श्रोत्यांनी भरलेल्या साहित्य महोत्सवांना आपण यापुढे जाणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने सोवेटोमध्ये ‘आबांटू’ हा ग्रंथमहोत्सव सुरू झाला आणि कृष्णवर्णीय लेखक व वाचक त्यांच्याच वस्तीत समोरासमोर बसले.