वही उचलून जाणारी मुलगी

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही भांडुपला पुनर्वसनाच्या इमारतीत, २२५ फुटांच्या घरात राहतो. यजमान रात्रपाळीला असतात. मी दादरला एका दुकानात हिशेब लिहिते आणि गाडीच्या गर्दीतून घरी पोहोचायला मला साडेसात वाजतात. मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीला. मुलगी ९ वर्षांची, चौथीत. गेल्या दिवाळीत भिशीचे पैसे हातात आले तेव्हा मुलाच्या हट्टाखातर आम्ही एक सेकंड हँड गेमिंग कन्सोल घेतला. तो संध्याकाळी दीड-दोन तास जीटीए फाइव्ह नावाचा गेम टीव्हीवर खेळतो. मागच्या आठवड्यात मी दार उघडून आत आले, तर पडद्यावर खुर्चीला बांधलेल्या एका माणसाचा दात पक्कडीने उपटला जात होता, तो माणूस किंचाळत होता, आणि पक्कड चालवणारा माझाच मुलगा होता. मी ओरडले, तर म्हणाला, "आई, हे सगळं खोटं आहे, कथेचा भाग आहे." तसा तो वाईट नाही. क्लास बुडवत नाही, मारामारी करत नाही, जेवायला हाक मारली की उठतो. धाकटीचीही काही तक्रार नसते. ती इतकी शहाणी आहे की गोळीबार सुरू झाला की आपणच वही उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसते. पण माझे दीर म्हणतात की असल्या खेळांनी मुले गुन्हेगार होतात, कन्सोल विकून टाका. आम्ही निष्काळजी आईबाप नाही, ताई. मुलाच्या दहावीला वर्षभर घरात केबल बंद ठेवली होती. या खेळामुळे माझा मुलगा हिंसक होईल का? कन्सोल विकू का?

एक आई, भांडुप

*

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस,

तुमच्या पत्रात मुलीविषयी एकच वाक्य आहे, आणि तेही दिरांच्या मताकडे जाताजाता लिहिलेले. आवाज सुरू झाला की ती वही उचलते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसते. हे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. मला ते वाचून तुमचा राग आला, आणि तो मी लपवणार नाही. नऊ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी आपल्याच घरातली आपली जागा सोडून उठते, आणि ती काहीतरी सांगते आहे असे तिच्या आईला वाटत नाही.

मुलाविषयीचे आधी सांगून टाकते, कारण तेथे सांगण्यासारखे थोडेच आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपला जुना ठराव सुधारताना स्पष्ट केले की, हिंसक खेळांचा संबंध आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी थोडाफार दिसत असला, तरी प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ आणि १५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. कोणता खेळ किती हिंसक आहे हे त्यांनी मुलांना न विचारता खेळांच्या अधिकृत मानांकनावरून ठरवले, आणि मुलाचे वागणे कसे आहे हे घरच्या मोठ्या माणसांना विचारले. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणे यांचा संबंध त्यांना आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्याला गेमिंगचा विकार म्हणते, त्याची लक्षणे वेगळी आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारणपणे वर्षभर चालणे. जेवायला हाक मारली की उठणारा मुलगा त्यात बसत नाही. तेव्हा दिरांना सांगा की कन्सोल विकायचा नाही, आणि हा विषय येथे संपवा.

मात्र वर सांगितलेले सारे शोध खेळणाऱ्याविषयी आहेत. ज्याच्या हातात कंट्रोलर आहे, ज्याने तो खेळ आपण होऊन निवडला आहे, कोणते बटण दाबले की काय होते हे ज्याला ठाऊक आहे आणि नको झाले तर जो थांबवू शकतो, अशा मुलाविषयी ते काही सांगतात. तुमच्या खोलीत आणखी एक जण आहे आणि तिच्या हातात पेन्सिल आहे. पुढे काय येणार हे तिला माहीत नाही आणि आलेले थांबवता येत नाही. उठून जाणे एवढे एकच बटण तिच्यापाशी आहे आणि ते ती रोज दाबते.

खेळ तयार करणाऱ्यांनाही हा फरक कळतो, निदान अर्धा तरी. २००९ साली आलेल्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर टू या खेळात विमानतळावरच्या निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबार होतो असा एक भाग आहे आणि त्यावरून जगभर वाद झाला. तो भाग त्रासदायक वाटू शकेल, नको असेल तर वगळा, असे तो खेळ खेळणाऱ्याला आधीच विचारतो, आणि वगळणाऱ्याचे काही नुकसान होत नाही. ही विचारपूस योग्यच आहे. पण ती ज्याच्या हाती कंट्रोलर आहे त्याच्यापुरती असते. त्याच्या मागे पलंगावर बसून पाढे लिहिणाऱ्या बहिणीला कोणी विचारत नाही. ते काम घरातल्या मोठ्या माणसाचे आहे.

तुम्ही पाहिलेला प्रसंगही नीट समजून घ्या. ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह हा खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यातल्या याच छळाच्या प्रसंगावर बरीच टीका झाली, कारण तेथे कोणते हत्यार वापरायचे हे खेळणाऱ्याला स्वतः निवडावे लागते. तुमचा मुलगा म्हणतो की हा कथेचा भाग आहे, आणि तो खोटे बोलत नाही. तो प्रसंग संपल्यावर छळ करणारे पात्र त्याच माणसाला गाडीत घालून विमानतळाकडे नेते आणि वाटेत बोलून दाखवते की छळ करून उपयोगाची माहिती मिळत नाही, तो करणाऱ्याच्या आणि करवणाऱ्याच्या समाधानासाठी असतो. १७ वर्षांच्या मुलाला हे सारे एकत्र जोडता येते. कदाचित त्यावर त्याने विचारही केला असेल. स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या मुलीपर्यंत काय पोहोचते? किंकाळी पोहोचते. गाडीतले ते इंग्रजी बोलणे पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी नऊ वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ लागणार नाही. एकाच घरात, एकाच टीव्हीवर, दोघांनी दोन वेगळे खेळ पाहिले आहेत, आणि तिच्या वाट्याला आलेल्या खेळात फक्त बांधलेला माणूस आणि त्याचा आवाज आहे.

मुले पडद्यावरच्या गोष्टींना का घाबरतात याचा अभ्यास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअॅन कँटर यांनी अनेक वर्षे केला. अगदी लहान मुले दिसण्याला घाबरतात, म्हणजे भयंकर चेहरा, राक्षस, मोठा आवाज यांना. वय वाढू लागले की राक्षसाची भीती ओसरते आणि जे खरोखर घडू शकते त्याची भीती बसू लागते. तुमची मुलगी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. खुर्ची खरी असते, पक्कड खरी असते, तुमच्या घरातही ती खिळ्यांच्या डब्यात असेल, आणि माणसाला असे बांधता येते हे तिला आता कळते. कँटर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी पडद्यावर पाहून बसलेल्या भीतीविषयी विचारले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना सांगण्यासारखी एक तरी आठवण होती. काहींची ती भीती पुरती गेलेलीही नव्हती.

मला यात नवल वाटत नाही. मी आठ वर्षांची असताना गिरगावातल्या आमच्या चाळीत मोठ्या भावंडांनी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता. खोलीत वीस जण दाटीने बसले होते, आणि मला झोपायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी चादर डोक्यावरून घेऊन तेथेच पडले होते. चादरीतून जे दिसले आणि ऐकू आले, त्याने पुढची कित्येक वर्षे मला रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासात एकटे जाता आले नाही. मी कधी तक्रार केली नाही. घरात सगळे मला शहाणी म्हणत.

म्हणून तुमच्या पत्रातल्या त्या शब्दापाशी मी थांबले. आपल्या लहान घरांत ज्या मुलीला शहाणी म्हणतात ती बहुधा जागा करून देणारी मुलगी असते. तिने कान झाकले असते, रडून गोंधळ घातला असता, तर तुम्ही पहिल्याच दिवशी टीव्ही बंद केला असता. ती न बोलता उठली, म्हणून तिचे उठणे सोयीचे झाले, आणि सोयीचे झाले म्हणून त्याला गुण हे नाव मिळाले. तुम्ही दमून येता, हे मला दिसते. पण येताक्षणी पडद्यावरचा खोटा माणूस तुम्हाला दिसला आणि दाराशी वही घेऊन बसलेली खरी मुलगी नेहमीचीच वाटली, हेही मला दिसते.

खेळाच्या वेष्टनावर आकडा असतो. युरोपातले पेगी मानांकन या खेळाला १८ वर्षांवरचा ठरवते, अमेरिकेतले ईएसआरबी १७ वर्षांवरचा. तुम्ही हा आकडा पाहिला असेल, तर मुलाचे वय त्याच्याशी ताडून गप्प बसला असाल. पण ज्या घरात एकच खोली आहे तेथे तो आकडा त्या खोलीतल्या सर्वांत लहान माणसाच्या वयाशी ताडायचा असतो. प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाला तुम्ही तिला नेले असते, तर तिकीट तपासणाऱ्याने दारातच अडवले असते, आणि तुम्हालाही ते योग्य वाटले असते. तुमच्या घराच्या दाराशी असा माणूस उभा नसतो.

आता काय करायचे ते सांगते, आणि ते एकच आहे. तुमची मुलगी घरात असताना तो खेळ लावायचा नाही. आजपासून. ती झोपल्यावरही नाही, कारण ती त्याच खोलीत झोपते. हेडफोन लावून खेळतो, असे मुलगा म्हणेल. हेडफोनने आवाज जाईल, पडदा तेथेच राहील, आणि तिला पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसावे लागेल. तिच्यासमोर त्याने फुटबॉल खेळावा, गाड्यांच्या शर्यती खेळाव्यात, तिलाही एक कंट्रोलर द्यावा. हा एक खेळ मात्र ती घराबाहेर असेल तेव्हाच.

२२५ फुटांच्या घरात हे कसे जमायचे, असे मला विचारू नका, कारण तुम्ही ते करून दाखवले आहे. मुलाच्या दहावीला वर्षभर केबल बंद होती. तेव्हा ही धाकटी सात वर्षांची होती. तिने तिची कार्टून वर्षभर सोडली, आणि तुमच्या पत्रात त्याचीही नोंद नाही. तिच्या वाट्याची एक संध्याकाळ परत द्यायला तुम्हाला दिरांचे मत घ्यावे लागू नये.

मुलाला सांगताना एक काळजी घ्या. धाकटीने तक्रार केली असे चुकूनही म्हणू नका. तिने ती केलेली नाही, आणि तसे म्हटलेत तर उद्यापासून तिला उठून जाण्याचीही चोरी होईल. तू गुन्हेगार होशील म्हणून हे करते आहे, असेही म्हणू नका. ते खरे नाही, आणि आई आपल्याला ओळखत नाही एवढेच त्याला त्यातून कळेल. त्याला एवढेच सांगा की गोळीबार सुरू झाला की ती कोठे जाऊन बसते हे मी पाहिले आहे, तू पाहिले आहेस का? त्याची पाठ तिच्याकडे असते, त्याने बहुधा पाहिले नसेल. तुम्ही वर्णन केलेला मुलगा हे ऐकल्यावर वाद घालेल असे मला वाटत नाही. घातलाच, तर त्या क्षणी तुम्ही आई आहात, टीव्हीची तार तुमच्या हाताजवळ आहे.

आणि मुलीला आज रात्री जवळ घ्या. तिला त्या खेळाची गोष्ट सांगायला लावा: त्यात कोण कोण आहे, त्या खुर्चीतल्या माणसाचे पुढे काय झाले असे तिला वाटते. तिच्या गोष्टीत चुका असतील, त्या लगेच दुरुस्त करू नका, कारण ती काय घेऊन बसली आहे हे त्या चुकांतूनच तुम्हाला कळेल. ओट्याकडे तोंड करून, फोडणी देता देता तिचे ऐकू नका. तिच्यासमोर जमिनीवर बसा, आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत गॅसवर काही ठेवू नका.