साक्षीदारांना धमकावले जाऊ नये म्हणून खुनातील संशयिताला कोठडीत ठेवणे न्याय्य आहे का?

गुन्हा सिद्ध झालेला नसताना, केवळ साक्षीदारांवर दबाव येईल या भीतीपोटी एखाद्याचे स्वातंत्र्य हिरावून घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते घ्यावे. मात्र ज्या साक्षीदारासाठी ही कोठडी आहे त्याची साक्ष पूर्ण होताच कोठडीचे हे कारणही संपते, हे मान्य करूनच.

खुनाच्या खटल्यात घडलेले सांगू शकणारी मुख्य व्यक्तीच हयात नसते. त्यामुळे सारी भिस्त अनेकदा एकदोन प्रत्यक्षदर्शींवर राहते, आणि ते बहुधा आरोपीच्या ओळखीतले किंवा शेजारचेच असतात. बचावाची संधी मिळावी म्हणून आरोपीला साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती द्याव्या लागतात, आणि ते योग्यच आहे; परंतु कोणी काय सांगितले हे त्या दिवसापासून त्याला ठाऊक होते. पुढे धमकी शब्दांत द्यावीच लागते असे नाही. तो रोज संध्याकाळी साक्षीदाराच्या दारासमोर नुसता उभा राहिला तरी पुरते, आणि त्याबद्दल तक्रार तरी काय करणार?

हा विचार अनेक देशांच्या कायद्यात आहे. अमेरिकेच्या १९८४ च्या जामीन सुधारणा कायद्यात साक्षीदाराला धमकावण्याचा गंभीर धोका हे कोठडीच्या सुनावणीचे एक कारण आहे, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये धोकादायक आरोपीला खटल्यापूर्वी कोठडीत ठेवण्याची त्या कायद्यातील तरतूद वैध ठरवताना, स्वातंत्र्य हा नियम आणि कोठडी हा काटेकोर मर्यादेतला अपवाद, असेही बजावले. भारतातही जामिनाचा विचार करताना आरोपी पळून जाईल का, पुराव्यात ढवळाढवळ करील का आणि साक्षीदारांवर प्रभाव टाकील का, हे तीन प्रश्न विचारले जातात.

मला सर्वाधिक पटतो तो युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा फ्रान्सविरुद्धचा १९९१ चा निकाल. पतीच्या खुनात साथ दिल्याचा आरोप असलेल्या स्त्रीच्या त्या प्रकरणात, साक्षीदारांवर दबावाचा धोका सुरुवातीला खरा असू शकतो, परंतु काळ जाईल तसा तो कमी होत नाहीसा झाला, असे न्यायालय म्हणाले. म्हणूनच जामिनाला विरोध करताना ‘साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता आहे’ हे ठरावीक वाक्य लिहून भागवणे मला गैर वाटते. कोणता साक्षीदार, त्याला धोका कशावरून आणि तो आजही आहे का, हे सरकारी पक्षाने सांगितलेच पाहिजे.

शिवाय कोठडी आरोपीला अडवते, त्याच्या भावांना आणि मित्रांना नाही. त्यासाठी साक्षीदाराला स्वतंत्र संरक्षण लागते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत धोक्याचे मूल्यमापन करून संरक्षण देण्याची सोय आहे.

तरीही खरी कळ वेळेत आहे. दंडाधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब हा स्वतंत्र पुरावा नव्हे. साक्षीदाराला न्यायालयात उभे राहून पुन्हा सांगावेच लागते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिलेल्या लाचखोरीच्या एका प्रकरणात साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या पक्षाचे प्रश्न) आणि उलटतपासणी (विरुद्ध पक्षाचे प्रश्न) यांच्या दरम्यान सुमारे वीस महिने गेले होते, आणि उलटतपासणीत तो फिरला होता. आरोपी कोठडीत असेल तर अशा साक्षीदाराला सर्वांत आधी बोलवावे आणि दोन्ही तपासण्या शक्यतो त्याच दिवशी उरकाव्यात.