किटचे विमान : वाचकांचे प्रश्न

सुटे भाग मागवून स्वतःच्या हातांनी जोडायच्या हलक्या विमानांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. पत्रे लांबलचक होती, म्हणून त्यांतला मुद्द्याचा भाग तेवढा येथे ठेवला आहे.

प्रश्न : अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन आसनी विमानाचे शेपूट मी नुकतेच पूर्ण केले. काही रिव्हेटांची (पत्रे जोडणाऱ्या, ठोकून चेपायच्या धातूच्या खिळ्यांची) आतल्या बाजूची डोकी किंचित तिरकी बसली आहेत, तर काही अंमळ जास्तच चेपली गेली आहेत. हे सगळे रिव्हेट काढून पुन्हा मारावेत का?

उत्तर : सगळे तर मुळीच नाही. आधी माप घ्यावे आणि मगच ड्रिल हातात धरावे. ठोकून तयार झालेल्या डोक्याचा व्यास रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी, असा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे १/८ इंची, अर्थात सुमारे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटचे डोके ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच हवे. या मापांना थोडी सूट असते आणि किंचित तिरकेपणाही त्या सुटीत बसतो. मात्र बाहेरचे डोके पत्र्याला नीट टेकलेले नसेल, दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत रिव्हेटचा धातू पसरला असेल किंवा डोक्याला चीर गेली असेल, तर तो रिव्हेट काढलाच पाहिजे.

नवशिक्या जोडणाऱ्यांचे अधिक नुकसान वाईट रिव्हेटांपेक्षा ते काढण्याच्या उत्साहाने होते, असे आमचे मत आहे. ड्रिल मध्यापासून जरा जरी सरकले तरी ते पत्र्यात शिरते आणि भोक लांबट होते. मग त्यात मारलेला नवा रिव्हेट भोक पूर्ण भरत नाही आणि दिसायला देखणा असूनही पहिल्यापेक्षा दुबळा ठरतो. काढायचाच झाला तर कारखान्यात घडवलेल्या डोक्याच्या बाजूने सुरुवात करावी. नेहमीच्या गोल डोक्याच्या रिव्हेटवर मध्यभागी बारीक खळगा असतो, त्यात ड्रिलचे टोक टेकवून केवळ डोक्याच्या जाडीइतकेच खोल जावे, पिन-पंच घालून डोके कलते करून मोडावे आणि मागून पत्र्याला लाकडाचा आधार देऊन उरलेला दांडा हलक्या ठोक्यांनी बाहेर काढावा. एवढे करूनही भोक मोठे झालेच, तर एक माप वरचा रिव्हेट वापरता येतो. मात्र भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत नव्या रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर शिल्लक आहे ना, हे आधी मोजावे.

कठोरपणा कुठे दाखवायचा, हेही ठरवून घ्यावे. पुढे ज्या जागी हात किंवा आरसा पोहोचणार नाही, म्हणजे स्पार (पंखातील मुख्य तुळई) आणि रिब (तिच्यावर आडव्या बसणाऱ्या, आकार देणाऱ्या फासळ्या) यांचे सांधे, तेथील प्रत्येक रिव्हेट शेवटचा पत्रा बसवण्यापूर्वी मोजावा, त्याचे छायाचित्र काढावे आणि शक्यतो दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. स्वतःच्या कामातला दोष स्वतःच्या डोळ्यांना फारच उशिरा दिसतो.

प्रश्न : एका गृहस्थांनी अर्धवट जोडून सोडलेले किट मला मिळत आहे. पुढचे काम मी केले, तर ते हौशी बांधणीचे विमान म्हणून गणले जाईल का?

उत्तर : अमेरिकेतील नियम ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. घडणीचे आणि जोडणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंदापोटी केलेले असावे, एवढीच त्याची अट आहे. ते एकाच माणसाने केलेले असावे, अशी नाही. इतर देशांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा आपल्या नियामकाकडे सौदा करण्यापूर्वीच चौकशी करावी. खरी अडचण नोंदींची असते. पहिल्या मालकाची कामाची वही आणि छायाचित्रे मिळत नसतील, तर पत्रा लावून बंद झालेल्या प्रत्येक पोकळीत बोअरस्कोप (लवचीक नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) घालून पाहावे, आणि जे पाहता येत नाही ते झालेलेच नाही असे धरून किंमत ठरवावी.

प्रश्न : माझ्या किटच्या नकाशात टाकी निवडण्याचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये आहे. केबिनमध्ये इंधनाची नळी नको, म्हणून तो मी आसनामागे नेऊ इच्छितो. काही हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि तिचे उदाहरण प्रसिद्ध आहे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात ज्या विमानासह कोसळले, ते बर्ट रुटान यांनी आराखडा केलेले लाँग-ईझी होते आणि डेन्व्हर यांनी ते नुकतेच दुसऱ्याकडून विकत घेतले होते. मूळ आराखड्यात हा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पायांच्या मध्येच होता. बांधणाऱ्याने तो आपल्याच विचाराने, म्हणजे केबिनमध्ये इंधन नको म्हणून, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला. त्याच्या मुठीवर कोणती खूण कोणत्या टाकीची, हेही लिहिलेले नव्हते. उड्डाणापूर्वी मुठीपर्यंत हात पोहोचावा म्हणून तिला पक्कड लावून पाहण्यात आली, पण तेवढ्याने भागले नाही. हवेत टाकी बदलण्यासाठी अंग मागे वळवताना उजव्या रडरवर (विमानाचे नाक उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर) अनवधानाने पाय दाबला गेला आणि ताबा सुटला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने काढला. व्हॉल्व्हच्या जागेबरोबरच अपुरी पूर्वतयारी आणि त्या विमानाचा अपुरा सराव यांचाही उल्लेख त्यात आहे.

नकाशातील जागा आराखडा करणाऱ्याने विनाकारण निवडलेली नसते. केबिनमधील नळीची भीती वाटत असेल, तर ती अखंड धातूची ठेवावी, तिच्यावरचे सांधे कमी करावेत आणि जेथे ती पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे घालावे. व्हॉल्व्ह मात्र पट्टा बांधून, डोळे मिटून, दुसऱ्या हातातली स्टिक (विमान चालवण्याचा दांडा) न हलवता फिरवता आला पाहिजे. इंधनमार्गात कोणताही फरक केला तर प्रवाह पुन्हा मोजावा. नाक चढाईच्या कमाल कोनाइतके वर उचलून, टाकीत थोडेच इंधन ठेवून, पंपाच्या रचनेत विमान जमिनीवरून उठतानाच्या खपाच्या १२५ टक्के आणि केवळ उताराने येणाऱ्या इंधनाच्या रचनेत १५० टक्के प्रवाह मिळाला पाहिजे. हलक्या विमानांत वापरले जाणारे १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन जमिनीवरून उठताना ताशी सुमारे २७ लिटर पिते. म्हणजे पंप असल्यास मोजण्यासाठी नळीखाली धरलेल्या भांड्यात ताशी ३४ लिटरच्या हिशेबाने इंधन पडावे.

प्रश्न : इंजिनजवळ जागा नसल्याने सहा किलोची बॅटरी आसनामागे, म्हणजे मूळ जागेपासून दीड मीटर मागे, नेली. एवढ्याशा वजनाने फरक पडतो का?

उत्तर : हिशेब करून पाहा. रिकामे विमान ३४० किलोचे असेल, तर सहा किलो गुणिले दीड मीटर भागिले ३४० म्हणजे गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमानाचे वजन तोलले जाते तो) साडेसव्वीस मिलिमीटर मागे गेला. छोट्या विमानांत गुरुत्वमध्याला मुभा असलेला पट्टा काही इंचांचाच असतो, आणि त्यातला इंचभर आपण एकाच बदलात खर्चून बसला आहात. नाक जड असलेले विमान उतरताना त्रास देते, पण शेपूट जड असलेले विमान स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक संपण्याच्या स्थितीतून) बाहेर काढता न येण्याचा धोका असतो, म्हणून मागची मर्यादा कधीही ओलांडू नये. टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असेल तर इंधन जळते तसा तो आणखी मागे सरकतो. म्हणून टाकी भरलेली आणि टाकी जवळजवळ रिकामी, असे दोन्ही हिशेब मांडावेत. वजन रंगकामानंतर, बंद शेडमध्ये, विमान उड्डाणाच्या पातळीत ठेवून करावे. रंगाचे वजन एलेव्हेटर आणि एलेरॉन या शेपटाच्या व पंखांच्या हलत्या झडपांवरही चढते आणि त्यांचा तोल बिघडल्यास फ्लटर, म्हणजे हवेत त्यांची अनावर थरथर, होऊ शकतो, तेव्हा रंगानंतर त्यांचाही तोल पुन्हा तपासावा.

प्रश्न : काही महिने उड्डाण जमणार नाही. दर पंधरा दिवसांनी रोटॅक्स ९१२ जागेवरच दहा मिनिटे चालवतो. एवढी देखभाल पुरेशी आहे का?

उत्तर : ही देखभाल नव्हे, ही इंजिनाची हळूहळू होणारी झीज आहे. ज्वलनातून निर्माण होणारी वाफ ऑइलमध्ये मिसळते, आणि ती उडून जायची तर ऑइलचे तापमान अधूनमधून १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते. जमिनीवर दहा मिनिटांत ते होत नाही. पाणी आणि आम्ले तशीच आत राहतात. उडायचेच नसेल तर ताजे ऑइल भरून, कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करून, इनटेक आणि सायलेन्सर यांची तोंडे बंद करून इंजिन शांत पडू द्यावे.

पुन्हा सुरू करण्यापूर्वी इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, ऑइलच्या टाकीत गुडगुड ऐकू येईपर्यंत फिरवावा आणि मगच डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी. उलटा मुळीच फिरवू नये, कारण त्याने व्हॉल्व्हच्या ऑइलमार्गात हवा शिरते. ऑइल शंभर तासांनी बदलायचे असते, पण मुख्यतः शिसेयुक्त विमान-पेट्रोल वापरत असाल तर पन्नास तासांनी. रबराला मात्र तासांचा हिशेब लागू नाही: इंधन, ऑइल आणि कूलंट यांच्या नळ्या, कार्ब्युरेटर ज्यावर बसतात ती रबरी कडी आणि त्यांचे पडदे पाच वर्षांनी बदलावेत, मग विमान हँगरमध्येच उभे राहिलेले का असेना. वाट्या उघडल्याच आहेत तर त्यांतले इंधनाची पातळी राखणारे तरंगेही वजन करून पाहावेत. एका कार्ब्युरेटरच्या दोन तरंग्यांचे मिळून वजन सात ग्रॅमपेक्षा जास्त भरले, तर त्यांनी इंधन शोषले आहे आणि ते बदलायला हवेत. शेवटी दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून घ्यावेत, कारण त्यांच्यातील फरक मंद गतीत गिअरबॉक्सला हादरे देतो. त्याच वेळी थ्रॉटलच्या केबलची दोन्ही टोके भिंगातून पाहावीत: ही केबल तुटली तर कार्ब्युरेटरची स्प्रिंग थ्रॉटल पूर्ण उघडते, आणि मग इंजिन इग्निशननेच बंद करून उतरावे लागते.