‘येलो झोन’मधले दोन गुंठे आणि तीन लाखांचा इसार

प्रश्न : मी मिरजेत परिचारिका आहे. सांगलीत, महापालिका हद्दीत, दोन गुंठ्यांचा प्लॉट 14 लाखांना ठरवला. तीन लाख इसार देऊन नोटरी केली. सातबारा मूळ शेतकऱ्याच्या नावे आहे. एजंट म्हणतो, ‘येलो झोन आहे, पुढचं सगळं गुंठेवारीत होऊन जातं.’ शेजारी सांगतात की 2019 ला इथं कमरेएवढं पाणी होतं. महिनाअखेरीस आणखी पाच लाख द्यायचे आहेत. देऊ का?

उत्तर : ताई, पाच लाख तूर्त देऊ नका. एजंट खोटंच बोलतोय असं मी म्हणत नाही. तो अर्धंच सांगतोय.

‘येलो झोन’ म्हणजे विकास आराखड्यात तो पट्टा रहिवासासाठी दाखवलाय, एवढंच. तुमच्या दोन गुंठ्यांवर घर बांधता येईल की नाही, हे झोन दाखल्यावरून ठरत नाही. त्यासाठी आधी अख्ख्या जमिनीचं रेखांकन (लेआउट) मंजूर हवं, मग बांधकाम परवाना. परवान्याशिवाय बांधलं तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 53 ची पाडकामाची नोटीस येते, आणि ती घरात राहणाऱ्याला येते, एजंटला नाही. एनएची (बिगरशेती परवानगीची) फार चिंता नको; आराखड्यातल्या जमिनींसाठी शासनाने ती अट बरीच सैल केली आहे.

लेआउट मंजूर आहे म्हणाला, तर आदेश आणि शिक्क्याचा नकाशा मागा. तो घेऊन जागेवर जा, सोबत टेप न्या. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार लेआउटमधला आतला रस्ता साधारण किमान 9 मीटर हवा. एजंटच्या तोंडचा ‘वीस फुटी’ रस्ता सहा मीटरच भरतो. जमीन एकरभर (0.4 हेक्टर) किंवा जास्त असेल, तर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती कागदावर हमखास असते आणि बऱ्याचदा शेवटचा प्लॉट म्हणून विकलीही जाते. तुमचा प्लॉट तोच नाही ना, एवढं पाहा.

आता गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे तुकडे नियमित करून घेण्याची सोय. 2001 च्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली. त्यानंतर पाडलेले तुकडे त्यात बसत नाहीत. तुमचा तुकडा कधी पडला, याचा पुरावा विक्रेत्याकडून घ्या. नुसतं ‘होऊन जातं’ चालणार नाही.

माझी खरी काळजी पाण्याची आहे. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तिथली धोका पातळी 45 फूट. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो : निळी, साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात घर बांधताच येत नाही. बाग, पार्किंग, उघडी भाजी मंडई असलेच वापर चालतात. झोन पिवळा असला तरी. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये परवाना मिळू शकतो, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या किमान 0.45 मीटर वर ठेवावी लागते. कमरेएवढं पाणी आलेल्या जागेत याचा अर्थ माणसाच्या छातीला लागेल एवढं जोतं, त्याखालचा मुरूम, दगड, काँक्रीट, आणि दाराशी पायऱ्यांची रांग. हा खर्च तुमच्या 14 लाखांत धरलेला नाही. मिस्त्रीला आधी जागेवर नेऊन हिशोब घ्या. शेजाऱ्यांच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणेचा फोटोही काढून ठेवा.

गट नंबर घालून महापालिकेच्या नगररचना विभागात झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या जागेपुरता नकाशा) मागा. अर्जातच विचारा की आरक्षण आहे का (म्हणजे जागा सार्वजनिक कामासाठी राखीव आहे का), नियोजित रस्ता जातो का, पूररेषेच्या कोणत्या बाजूला जागा येते. आरक्षण निघालं आणि एजंट म्हणाला ‘उठणार आहे’, तर विषय तिथंच थांबवा. ते उठवायला कलम 37 खाली फेरबदल, हरकती, शासनाची मंजुरी एवढं सगळं लागतं.

इसाराचं म्हणाल तर नोटरीने मालकी येत नाही. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखताने. 500 चौरस मीटरहून मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकायचे, तर सहसा महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते. तशा प्रकल्पात नोंदणीकृत करार न करता किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्याकडून वीस टक्क्यांहून जास्त घेतलेत. वाटाघाटीत हा मुद्दा जोरात मांडा. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55(6)(ब) नुसार, तुम्ही विनाकारण व्यवहार मोडला नसेल, तर दिलेल्या रकमेचा बोजा त्या जमिनीत विक्रेत्याच्या हिश्श्यावर राहतो. म्हणूनच आजच व्हॉट्सअॅपवर आणि स्पीड पोस्टाने विक्रेत्याला कळवा : लेआउटचा आदेश, भाग नकाशा आणि पूररेषेचा अभिप्राय मिळाला की उरलेली रक्कम देण्यास मी तयार आहे. ‘व्यवहार रद्द’ हे शब्द मात्र त्यात घालू नका. पंधरा दिवसांत कागद आले नाहीत, तर पुढची नोटीस वकिलामार्फत द्या.