रातकिडा, रेतकिडा आणि भिंगरी

प्रश्न वैनगंगेकाठच्या एका गावातून आलाय. नदीच्या रेतीत, डांगराच्या वाडीजवळ अंगठ्याएवढा पिवळट किडा निघतो. गावात त्याला 'रेतकिडा' म्हणतात, आणि शाळेतल्या एका गुरुजींनी पोरांना सांगितलं की 'रातकिडा' हा त्याचाच अपभ्रंश. खरं काय?

खरं काही नाही. दोन शब्द कानाला सारखे लागले की एक दुसऱ्याचा अपभ्रंश, हे ऐकून कान किटले बाप्पा! 'रे'चा 'रा' असा वाऱ्यावर होत नसतो. रातकिडा म्हणजे रातीचा किडा, रातराणी आणि रातव्याच्या पंगतीतला. शिवाय आपण रेतीघाट म्हणतो, रेतघाट नाही. जुना समास असता तर 'रेतीकिडा' झाला असता. नुसतं 'रेत' म्हणजे काय, ते कृत्रिम रेतनासाठी गाय दवाखान्यात नेलेल्या कोणालाही विचारा, गुरुजी पुन्हा तो शब्द वर्गात काढणार नाहीत.

आणि 'रेती हिंदी, शुद्ध मराठी शब्द वाळू' असं म्हणत जे येतील त्यांनाही आत्ताच सांगतो, संस्कृत कोशांत वाळूला 'रेतजा' असा शब्द नोंदवलेला आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होतं, हिंदीचा शेजार होताच. पण शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली म्हणून चहा त्याचा होत नाही. (साखर तरी कुठली? 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, भरड रेती. गोड अर्थ मागून आला.)

आता किडा. रेतीत बीळ करून राहणारा एक नामांकित प्राणी आहे, शास्त्रीय नाव शिझोडॅक्टिलस मॉन्स्ट्रोसस. ग्रीकमध्ये 'स्खिझो' म्हणजे फाडणे, 'डाक्टिलोस' म्हणजे बोट, म्हणून हा फाटक्या बोटांचा राक्षस. पावलांना दोन्ही बाजूंनी चपट्या पाकळ्या फुटलेल्या असतात, भुसभुशीत रेतीत पाय रुतू नये म्हणून. बिहारात त्याला 'भेरवा' म्हणतात. हे नाव भैरवाशी जोडायचा मोह होतो, आवरतो. दिवसा बिळात, रात्री शिकारीला बाहेर.

मग रातीला निघतो तर रातकिडा म्हणायला हरकत काय? हरकत अशी की रातकिडा आपण बघत नाही, ऐकतो. अंगणात खाट टाकून पडावं, कोपऱ्यातून किर्र सुरू व्हावं, उठून एक पाऊल टाकलं की गप्प. रातकिड्याचा नर पुढचे पंख एकमेकांवर घासून गातो, आणि त्याचे कान पुढच्या पायांवर असतात. रेतीतल्या राक्षसाकडे ना ते वाद्य, ना ते कान. त्याचं कुळही निराळं.

पण खरी गंमत त्याच्या पंखांत आहे. चारही पंखांची टोकं शेपटाजवळ घड्याळाच्या स्प्रिंगेसारखी गुंडाळलेली असतात. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं आणि मला अमरकोश आठवला. तिथे रातकिड्याची नावं ओळीनं दिली आहेत. चीरी, झिल्लिका ही उघड आवाजावरून. त्यांच्या आधी, सगळ्यात पहिलं, 'भृङ्गारी'. माझं मत असं की आपली 'भिंगरी' हीच. गरगर फिरणारं, फिरताना गुणगुणणारं खेळणं.

यावर एका ज्येष्ठ अभ्यासकांनी मला ऐकवलं होतं, "भ, व असल्या ओष्ठ्य वर्णानंतर ऋचा उ होतो. भृंगचा भुंगा झाला, भिंगा नाही." मग वृश्चिकाचा विंचू कसा झाला, साहेब? वुंचू का नाही झाला? आणि बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं प्राकृत व्याकरणात भृङ्गचं 'भिंग' आणि भृङ्गारचं 'भिंगार' दिलंय, ते काय माझ्या सांगण्यावरून? किड्याचं नाव खेळण्याला लागत नाही, हा त्यांचा दुसरा आक्षेप. 'भोवरा' कुठून आला मग? भ्रमरातूनच ना? भुंग्यावरून भोवरा चालतो आणि रातकिड्यावरून भिंगरी चालत नाही, हा कुठला न्याय! त्यांनी पुढे उत्तर दिलं नाही. ते मी माझ्या बाजूनं धरतो.

म्हणून माझी सूचना, या रेतीतल्या बाबाला 'भिंगऱ्या' म्हणावं. लोक पायाला भिंगरी लावून हिंडतात, यानं पंखाला लावून घेतली आहे.

हां, तुमचा प्रश्न. 'रेतकिडा' गावात रुळला असेल तर खुशाल म्हणा, नवा शब्द म्हणून वाईट नाही. फक्त रातकिड्याचा बाप त्याला करू नका. आणि तुमच्या वाडीतला हाच का, ते मी इथून कसं सांगू? पुढच्या खेपेला निघाला की पावलांच्या पाकळ्या आणि पंखांची टोकं बघून कळवा. हातात मात्र धरू नका, जबडा शिकाऱ्याचा आहे.