प्रयोगाचा निकाल विश्वासार्ह आहे हे शास्त्रज्ञ कसं तपासतात? तोच प्रयोग दोन-तीनदा केला की पुरतं का?

नाही, पुरत नाही. मी औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये काम करतो. कॉलेजात टायट्रेशन करताना (ब्युरेट नावाच्या खुणा केलेल्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून दुसऱ्याचं प्रमाण मोजताना) सीबीआर, म्हणजे लागोपाठ तेच रीडिंग, मिळालं की आपण खूश व्हायचो. पण ब्युरेटच्याच खुणा चुकलेल्या असतील तर तिन्ही रीडिंग गुण्यागोविंदाने जुळतात आणि तिन्ही चूक असतात! म्हणून आम्ही नमुन्याशेजारी ब्लँक (ज्यात मोजायचा पदार्थच नाही असा नमुना) लावतो, आणि ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं स्टँडर्डही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 2011 चा ओपेरा प्रयोग. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) सुमारे 730 किलोमीटरवर, इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली, प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. नोंदी हजारो, निव्वळ योगायोग म्हणावा तर संख्याशास्त्र ऐकेना. त्यांनी नोव्हेंबरमध्ये अगदी छोटे झोत सोडून पुन्हा मोजलं. आकडा जवळपास तोच! येणारच होता, कारण वेळ मोजायची यंत्रणा तीच होती. पुढे सापडलं की जीपीएसची वेळ कॉम्प्युटरपर्यंत नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा कनेक्टर नीट बसलेलाच नव्हता. 2012 मध्ये त्याच डोंगराखालच्या इकारस गटाने आपल्या वेगळ्या डिटेक्टरने मोजलं, तर न्यूट्रिनो मुकाट प्रकाशाच्या वेगाने आले.

रँडम चूक (कधी जास्त, कधी कमी अशी) नोंदी वाढवल्या की आटोक्यात येते. सिस्टिमॅटिक चुकीला (दर वेळी एकाच बाजूला ढकलणाऱ्या) मात्र दुसरं यंत्र, दुसरी माणसं किंवा दुसरी पद्धत लागते. पिअर रिव्ह्यूवर (छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांनी पेपर तपासण्यावर) लोक फार भिस्त ठेवतात, पण रिव्ह्यूअर पेपर वाचतो, केबल ओढून बघत नाही.

राहिला माणसाचा हवं तेच बघण्याचा मोह. त्यावर लायगोवाल्यांचा, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशातले सूक्ष्म तरंग) शोधणाऱ्यांचा, उपाय मला भारी आवडतो. (औंढा नागनाथला लायगो-इंडिया होणार आहे, तेच हे लायगो.) सप्टेंबर 2010 मध्ये मोजक्या लोकांनी यंत्रात गुपचूप खोटा सिग्नल सोडला. असं कधीही होऊ शकतं एवढंच बाकीच्यांना माहीत होतं. महिनोन्महिने विश्लेषण झालं, पेपरही लिहून झाला, आणि मार्च 2011 मध्ये खरं काय ते सांगणारं बंद पाकीट उघडल्यावर कळलं की ती परीक्षा होती. पद्धत पास झाली, शोध मात्र हुकला. सप्टेंबर 2015 मध्ये खरी गुरुत्वीय लहर आली तेव्हा आधी हेच विचारलं गेलं, 'कुणी मुद्दाम तर नाही ना सोडली?' नव्हती सोडली. शिवाय अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या तीन हजार किलोमीटर लांबच्या दोन्ही यंत्रांत ती जेमतेम 7 मिलिसेकंदांच्या फरकाने उमटली होती.